प्राण्यांची तस्करी सरकारं पकडतात तरी कशी? जंगल कमी, कागद जास्त

प्राण्यांची तस्करी म्हटलं की डोळ्यासमोर बंदूकवाला शिकारी येतो, मेलेला हत्ती येतो, फार तर वाघाचं कातडं. युरोपातल्या कस्टम्सवाल्यांना विचाराल तर ते तुम्हाला एक सुटकेस दाखवतील. साधी चाकांची, चेक-इन केलेली. आत कपड्यांच्या जागी फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत थोडंसं पाणी, वर ऑक्सिजन भरलेला, आणि त्या पाण्यात बारीक काचेच्या काड्यांसारखं काहीतरी वळवळतंय. नीट बघितलं की प्रत्येक काडीला दोन काळे ठिपके दिसतात, ते डोळे. ही ईल माशाची पिल्लं. पारदर्शक असतात म्हणून त्यांना ग्लास ईल म्हणतात, आणि एका किलोत साधारण तीन हजार बसतात.

यात तस्करी करण्यासारखं काय आहे, तर युरोपियन ईल अंडी घालायला अटलांटिक ओलांडून पार सारगॅसो समुद्रात जातो आणि बंदिस्त जागेत धंद्याच्या प्रमाणात त्याची पैदास करणं अजून कुणालाही जमलेलं नाही. म्हणजे पूर्व आशियातल्या ईल-फार्मवाल्यांना पिल्लं हवी असतील तर ती नदीच्या मुखाशी येणारी जंगलीच पकडावी लागतात. मासा इतका कमी झाला की युरोपियन युनियनने २०१० च्या शेवटी तो युनियनबाहेर पाठवणंच बंद केलं. मागणी काही बंद झाली नाही, मग माल सुटकेसमधून जायला लागला. इथे ना गोळी सुटली, ना कुणी जंगलात शिरलं, आणि तरी ही पक्की वन्यजीव तस्करी आहे.

मी मुद्दाम इथून सुरुवात केली, कारण सरकारं याबाबतीत नेमकं काय करतात हे कळायला आधी डोक्यातला तो बंदूकवाला जरा बाजूला ठेवावा लागतो.

आता सगळ्यात मोठं हत्यार कुठलं, तर एक करार. साइट्स नावाचा. ३ मार्च १९७३ ला वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या, १ जुलै १९७५ पासून लागू झाला, भारत १९७६ मध्ये आला, आज १८४ देश आणि युरोपियन युनियन त्यात आहेत. (३ मार्चला जागतिक वन्यजीव दिन असतो तो याच्यामुळेच.) लोकांना वाटतं हा प्राणी वाचवायचा करार आहे, पण खरं तर हा व्यापाराचा करार आहे. तुमच्या देशात तुम्ही जंगल राखता की तोडता यात तो पडत नाही, माल सीमा ओलांडायला लागला की मग तो जागा होतो.

त्यात तीन याद्या आहेत, त्यांना परिशिष्टं म्हणतात. पहिल्यात वाघ, गेंडा, खवल्या मांजर, बहुतेक हत्ती, म्हणजे ज्यांचा जंगलातून पकडून धंदा जवळपास पूर्ण बंद. दुसऱ्यात धंदा चालतो पण परमिट लागतं आणि परमिट देण्याआधी त्या देशाच्या तज्ज्ञांनी सांगायचं असतं की एवढा माल बाहेर गेला तरी जंगलातल्या संख्येला धक्का लागणार नाही. तिसऱ्यात एखादा देश म्हणतो की माझ्याकडचा हा प्राणी जरा सांभाळून घ्या. एकूण ४० हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक वनस्पती आहेत, ऑर्किड, निवडुंग, रोझवूडसारखी झाडं. रोझवूडची तस्करी पैशाच्या हिशोबात प्रचंड मोठी आहे, पण लाकडाच्या ओंडक्याचा फोटो बघून कुणाला गलबलून येत नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

साइट्सची सगळी ताकद परमिटात आहे आणि सगळी भोकंही परमिटातच आहेत. परमिटवर एक रकाना असतो, प्राणी आला कुठून. जंगलातला असेल तर डब्ल्यू, बंदिस्त जागेत पैदास केलेला असेल तर सी. आता डब्ल्यूवर बंदी किंवा कोटा आणि सीला परवानगी, म्हटल्यावर माणूस काय करणार? जंगलातून पकडलेल्या प्राण्यावर सी लिहून मोकळा. इंडोनेशियातून पाळीव म्हणून विकल्या जाणाऱ्या हिरव्या अजगरांचा २०११ मध्ये अभ्यास झाला, त्यात निघालं की ‘पैदास केलेले’ म्हणून जाणाऱ्यांपैकी निदान ८० टक्के जंगलातून उचललेले होते. यावर अभ्यासकांनी सुचवलेला उपाय मला फार आवडला: अजगर निर्यात करायचाय ना, मग त्याच्या अंड्याचं कवच पण दाखव. पिल्लू तुझ्याकडे जन्मलं असेल तर कवच तुझ्याकडेच असणार. लाखो रुपयांचं यंत्र नको, काही नको.

बरं, एखाद्या देशाने करार पाळलाच नाही तर? साइट्सकडे पोलीस नाहीत, तुरुंग नाही. पण एक गोष्ट आहे, बाकीच्या देशांना सांगता येतं की याच्याशी या यादीतल्या कुठल्याही मालाचा व्यवहार करू नका. मेक्सिकोचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियाच्या आखातात तोतोआबा नावाचा मासा आहे, त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये अफाट भाव. त्यासाठी टाकलेल्या जाळ्यांत वाकिटा नावाचा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद अडकून मरतो, आणि आज जगात जेमतेम दहाच्या आसपास वाकिटा उरलेत. मेक्सिकोने जाळ्यांवर बंदी घातली होती, कागदावर. शेवटी मार्च २०२३ मध्ये साइट्सने मेक्सिकोच्या सगळ्या यादीतल्या मालाचा व्यापार थांबवायला सांगितलं, मगरीच्या कातड्यापासून सगळं आलं त्यात. आणि इतकी वर्षं जो आराखडा नीट होत नव्हता तो काही आठवड्यांत तयार होऊन मान्य झाला, बंदी उठली. वाकिटासाठी हलले नाहीत, कातड्यासाठी हलले. असो.

थायलंडचंही तसंच. तिथे पाळीव हत्तींचे सुळे विकणं कायदेशीर होतं, त्यामुळे दुकानदार आफ्रिकेतून आलेला माल त्याच्यातच मिसळायचे, आणि कोरलेली बांगडी आशियाई हत्तीची की आफ्रिकन हे नुसतं बघून कोण सांगणार. साइट्सकडून दट्ट्या आला तेव्हा २०१४-१५ मध्ये कायदा बदलला, ज्याच्याकडे हस्तिदंत आहे त्याने नोंदणी करायची, नाहीतर गुन्हा. बँकॉकच्या बाजारात २०१४ च्या मध्यात साडेचौदा हजारांच्या आसपास हस्तिदंती वस्तू उघड विक्रीला होत्या, दोन वर्षांनी त्या तीनशेच्याही खाली आल्या.

आता शिकाऱ्याकडे येऊ. या साखळीत सगळ्यात खाली तो असतो, त्याच्या वर गावातला दलाल, त्याच्या वर शहरातला गोळा करणारा, मग कंटेनर बुक करणारा, मग कस्टम्समध्ये ‘सेट’ केलेला माणूस, मग पलीकडच्या देशातला घेणारा. भाव प्रत्येक पायरीला वाढतो आणि धोका प्रत्येक पायरीला कमी होतो. जगभर तुरुंगात सगळ्यात जास्त कोण आहे? तळातला. तो आत गेला की दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जागी दुसरा उभा असतो, कारण गरज असलेली माणसं भरपूर आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

हे मी हवेत बोलत नाहीये. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे मारले गेले होते आणि २०१४ मध्ये १,२१५. मधल्या काळात सरकारने आणि खासगी राखीव क्षेत्रांनी पाण्यासारखा पैसा ओतला, ड्रोन, कॅमेरे, कुत्री, हेलिकॉप्टर, शस्त्रधारी वनरक्षक. तिथल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या अकरा राखीव क्षेत्रांचा २०१७ ते २०२३ पर्यंतचा हिशोब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की सातशेच्या आसपास शिकारी पकडले गेले तरी त्या पकडापकडीमुळे शिकार ठळकपणे कमी झाली असं आकड्यांत काही सापडत नाही. मग कशाने कमी झाली? गेंड्याचं शिंगच कापून टाकल्याने. आठ क्षेत्रांत २,२८४ गेंड्यांची शिंगं कापली, तिथे शिकार ७८ टक्क्यांनी उतरली, आणि खर्च किती तर एकूण बजेटच्या १.२ टक्के. शिंग म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचा पदार्थ, केराटिन. गेंड्याला भूल द्यायची, डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे आणि करवत. दुखत नाही, पुन्हा वाढतं. अर्थात बुंधा राहतोच आणि काही जण त्या बुंध्यासाठीसुद्धा मारतात, शिवाय इथलं शिंग गेलं की टोळी शेजारच्या जंगलात जाते, त्यामुळे हा काही रामबाण उपाय नाही. पण चोराच्या मागे धावण्यापेक्षा तिजोरी रिकामी केलेली परवडली असा तो प्रकार आहे. तिथेच आता आणखी एक प्रयोग चाललाय, जिवंत गेंड्याच्या शिंगात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ भरायचा. गेंड्याला अपाय नाही, पण बंदरांवर आणि विमानतळांवर अणुसामग्री शोधायला किरणोत्सर्ग पकडणारी यंत्रं आधीपासून लावलेली असतात, त्यांच्यासमोरून हे शिंग गेलं की अलार्म वाजतो. कंटेनरच्या आत असलं तरी.

कंटेनर हा तर या सगळ्याचा कणा आहे. जुलै २०१९ मध्ये सिंगापूरच्या बंदरात काँगोहून व्हिएतनामला निघालेले तीन कंटेनर उघडले, कागदावर ‘लाकूड’. आत ८.८ टन हस्तिदंत, म्हणजे जवळजवळ ३०० हत्ती, आणि ११.९ टन खवल्या मांजराचे खवले, म्हणजे जवळजवळ दोन हजार जीव. एका वेळेला! आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच बंदरात एकाच आठवड्यात खवल्यांच्या दोन खेपा सापडल्या होत्या, दोन्ही बारा टनांवरच्या. गंमत म्हणजे जुलैची टीप चीनच्या कस्टम्सकडून आली होती. बंदरात रोज हजारो डबे येतात, प्रत्येक उघडून बघायचा म्हटलं तर जगाचा व्यापार ठप्प होईल, म्हणून असल्या धाडी जवळजवळ नेहमी खबरीवर पडतात, कुणीतरी कुणाला तरी सांगावं लागतं. इंटरपोल आणि जागतिक कस्टम्स संघटना दरवर्षी ‘थंडर’ नावाची मोहीम काढतात ती याच्यासाठीच. २०२४ मध्ये १३८ देश एकाच वेळी कामाला लागले, जवळजवळ २० हजार जिवंत प्राणी सापडले, ३६५ जण पकडले गेले. आता अशा मोहिमांमध्ये फोटो काढायची हौस बरीच असते हे मला मान्य आहे, पण त्या निमित्ताने या देशाच्या कस्टम्सवाल्याकडे त्या देशाच्या कस्टम्सवाल्याचा नंबर येतो, आणि पुढची टीप त्याच नंबरवरून येते.

टांझानियात तर उंदरांना शिकवलंय. गोणपाटात भरलेला माल, बंद डबे, कुत्र्याचं नाक पोचणार नाही अशा फटी, तिथे हे मांजराएवढे आफ्रिकन उंदीर सोडायचे. अंगात छोटं लाल जॅकेट, छातीवर एक चेंडूसारखं बटण. खवल्याचा, हस्तिदंताचा, शिंगाचा वास आला की उंदीर पुढच्या पायांनी ते बटण ओढतो आणि बीप वाजतो. वास झाकायला शेजारी दुसरे उग्र वासाचे पदार्थ ठेवले तरी त्यांना कळतं असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसलं.

पण माल पकडला म्हणजे माणूस पकडला असं होत नाही. कंटेनरवरची कंपनी बोगस, पत्ता बोगस, घेणारा बेपत्ता. मग राहतो तो मुद्देमाल. आणि इथे मला या सगळ्या विषयातली सगळ्यात भन्नाट वाटणारी गोष्ट आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम्युअल वॉसर नावाचे शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आफ्रिकाभरातून हत्तीचं शेण जमा केलं, वर्षानुवर्षं. शेणात हत्तीचा डीएनए असतो, त्यामुळे कुठल्या भागातल्या हत्तीचा डीएनए कसा दिसतो याचा नकाशा तयार झाला. आता सुळ्यांची खेप सापडली की त्यांची टीम तिथे जाते. सगळे सुळे जमिनीवर मांडायचे, बुंध्याचा घेर मोजायचा, रंग बघायचा, हिरडीची रेघ कुठे आहे ते बघायचं, आणि जोड्या लावायच्या, कारण एका हत्तीचे दोन सुळे तपासून पैसे फुकट घालवायचे नसतात. मग एका सुळ्याचा नाण्याएवढा तुकडा कापायचा, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची भुकटी करायची आणि डीएनए नकाशाशी ताडायचा. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की अलीकडच्या मोठ्या खेपांतले बहुतेक सुळे फक्त दोनच भागांतून येतायत, एक टांझानिया-मोझांबिककडचा पट्टा आणि दुसरा गॅबन-कॅमेरून-काँगोकडची जंगलं. म्हणजे अख्ख्या खंडभर पहारा ठेवायची गरज नाही.

पण जोड्या लावताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली, निम्म्याहून जास्त सुळ्यांना जोडीदारच नाही. दुसरा सुळा गेला कुठे? तो दुसऱ्या खेपेत होता! दुसऱ्या बंदराकडे निघालेल्या, दुसऱ्याच देशात पकडलेल्या. एकाच हत्तीचे दोन सुळे दोन वेगळ्या कंटेनरमध्ये सापडले म्हणजे ते दोन्ही कंटेनर भरणारे हात एकच. ३८ मोठ्या जप्त्या अशा ताडून २०१८ मध्ये त्यांनी तीन मोठ्या टोळ्यांचं जाळं मांडलं, एक केनियातल्या मोंबासाहून माल काढणारी, एक युगांडातल्या एन्टेबेहून, एक टोगोतल्या लोमेहून. ज्या प्रकरणात एका खेपेपुरता आरोप ठेवता येत होता तिथे आता पाच-सहा खेपा एकाच माणसाच्या गळ्यात घालता येतात.

हे महत्त्वाचं आहे कारण कोर्टात प्रकरणं पडतात. केनियात एका बड्या आरोपीला २०१६ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली, दोन टनांवर हस्तिदंताचं प्रकरण, जगभर टाळ्या पडल्या, आणि २०१८ मध्ये अपिलात तो निर्दोष सुटला, कारण पुरावाच टिकला नाही. म्हणून काही देश आता दुसऱ्या वाटेने जातायत. संयुक्त राष्ट्रांचा संघटित गुन्हेगारीविरोधातला एक करार आहे २००० सालचा, त्यात ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा निदान चार वर्षं आहे तो ‘गंभीर’ धरतात. गंभीर ठरला की दुसऱ्या देशाकडे पुरावा मागता येतो, आरोपी मागता येतो. म्हणजे एखाद्या देशात तस्करीला नुसता दंड असेल तर ही दारंच बंद. अनेक देशांनी शिक्षा वाढवल्या त्यामागे हे कारण आहे, नुसता कडकपणा दाखवायचा म्हणून नाही. अमेरिकेचा लेसी कायदा मुळात १९०० सालचा, नंतर वाढवत नेलेला, त्यात परदेशातला कायदा मोडून आणलेला प्राणी अमेरिकेत विकणं हाही गुन्हा आहे. मोआझू क्रोमा नावाच्या लायबेरियन माणसाला २०१९ मध्ये युगांडात पकडून अमेरिकेच्या ताब्यात दिलं, हस्तिदंत आणि गेंड्याच्या शिंगाच्या कटात त्याने २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि ६३ महिन्यांची शिक्षा झाली. पैशाच्या मागे जाणं तर आत्ता कुठे सुरू झालंय, मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणाऱ्या एफएटीएफने या विषयावर पहिला जागतिक अहवाल काढला तोच २०२० मध्ये.

आणि मग बाजार. १९७९ मध्ये आफ्रिकेत तेरा लाखांच्या आसपास हत्ती होते, १९८९ पर्यंत सहा लाख. त्या वर्षी केनियाने १२ टन हस्तिदंत जाळलं आणि साइट्सने आफ्रिकन हत्ती पहिल्या परिशिष्टात टाकला. तिथेच थांबले असते तर कदाचित बरं झालं असतं, पण दक्षिणेकडचे देश म्हणाले आमचे हत्ती व्यवस्थित आहेत, नैसर्गिक मेलेल्यांचे सुळे गोदामात पडून आहेत, ते विकून संवर्धनालाच पैसा लावू. हे बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. १९९९ मध्ये एकदा जपानला आणि २००८ मध्ये एकदा जपान आणि चीनला परवानगीने विक्री झाली. त्यातून झालं काय, तर चीनमध्ये कायदेशीर हस्तिदंत आलं आणि त्याच्या आड बेकायदेशीर लपवायची सोय झाली, तेच ते थायलंडचं. २००८ च्या विक्रीमुळेच शिकार वाढली का यावर अभ्यासक अजून भांडतात, मला स्वतःला वाटतं की हातभार नक्की लागला. चीनने ३१ डिसेंबर २०१७ ला देशातला हस्तिदंताचा बाजारच बंद केला, आणि तो होणार ही बातमी पसरली तेव्हाच भाव कोसळले, २०१४ मध्ये किलोला २,१०० डॉलर होते ते २०१७ च्या सुरुवातीला ७३० वर. तेवढा फरक दहा वर्षांच्या गस्तीने पडला नव्हता. केनियाने २०१६ मध्ये १०५ टन जाळलं, आसामने २०२१ मध्ये गेंड्यांची २,४७९ शिंगं जाळली, ते याच विचाराने, की गोदामात आहे तोवर कुणाला तरी वाटत राहणार की एक दिवस हे विकायला निघेल.

जंगलाशेजारच्या लोकांना वाटा दिला तर ते स्वतः राखण करतात, नामिबियाने १९९६ पासून कायद्याने तो हक्क दिलाय आणि त्याचा उपयोग झालाय, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

शेवटी जिवंत सापडतात त्यांचं काय होतं ते सांगतो, कारण हे कुणी विचारत नाही. ग्लास ईल युरोपातच पकडली तर बऱ्याचदा परत नदीत सोडतात, तिथपर्यंत ठीक. पण दुसऱ्या खंडातून आलेली चारशे कासवं एका विमानतळावर सापडली तर? कुठल्या जंगलातली ते माहीत नाही, रोग असतील तर तिथल्या कासवांना लागतील, परत पाठवायचा खर्च कोण करणार यावर दोन देशांची पत्रापत्री, आणि तोवर कायद्याच्या भाषेत ती कासवं म्हणजे मुद्देमाल, खटला संपेपर्यंत हलवायची नाहीत. कुठल्यातरी बचाव केंद्रात टबात ठेवलेली असतात, एकेकावर नंबर लिहिलेला, आणि रोज सकाळी एक जण येऊन मोजतो की सगळी आहेत ना, कारण एखादं मेलं तर त्याचासुद्धा कागद करावा लागतो.